चौथी आवृत्ती

पुस्तक मिटून आडवं धरलं की पानांच्या कडा खरं बोलतात. स्मारांदाने ग्रंथालयातून आणलेल्या तीन प्रती टेबलावर ओळीने ठेवल्या आणि त्यांच्या कडा उजेडाकडे वळवल्या. बोटं लागून लागून कड करडी होते. वाचणारा जिथे सोडून देतो, तिथून पुढे ती पांढरीच राहते. पहिल्या पुस्तकाचा करडा भाग बोटभरसुद्धा नव्हता. दुसऱ्याचा जेमतेम बोटभर. तिसऱ्याची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच मळलेली होती, आणि मधे कुठेतरी कॉफीही सांडलेली होती.

"झालं तर मग," दोरिना माकोवेई म्हणाली. ती जिल्ह्याची शाळा-निरीक्षक होती आणि ईस्टरच्या आधीपासून पुस्तकांची परीक्षक असलेल्या स्मारांदाच्या अहवालासाठी फोन करत होती. "याहून मोठा पुरावा कुठला हवा तुला?"

तिन्ही पुस्तकं नवशिक्यांना वेबसाइट बांधायला शिकवणारी होती. पियात्रा शहराच्या आसपासच्या सगळ्या तंत्रशाळांत यांतलं एकच जाणार होतं. पहिली दोन परदेशी पुस्तकांची भाषांतरं. तिसरं वालेरिउ इफ्तोदे यांचं; ग्रंथालयातली प्रत तिसऱ्या आवृत्तीची होती, तेच धडे घेऊन पुस्तक आता चौथ्या आवृत्तीला आलं होतं.

इफ्तोदे सर खिडकीशी बसून अक्रोडाचा कोझोनाक, ईस्टरचा गोड पाव, खिशातल्या चाकूने कापत होते. शंका असतील तर उत्तरं द्यायला म्हणून लेखकाला बोलावलं होतं. कोट त्यांना सैल झाला होता. त्यांनी मोठा तुकडा दोरिनापुढे सरकवला, छोटा स्मारांदापुढे.

"हिला कमी," ते म्हणाले. "परीक्षकाला लाच दिली म्हणायचे लोक."

स्मारांदा हसली नाही. रासायनिक कारखाना बंद पडला तेव्हा ती तिथल्या प्रयोगशाळेत होती. चाळिशी उलटलेली, हातात फक्त तराजू आणि चंचुपात्रं ओळखणारी पदवी. सरांच्या संध्याकाळच्या वर्गात याच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ती प्रोग्रॅमिंग शिकली. आज तिचं घर त्यावर चालत होतं.

"मला पान एकशे बारा विचारायचंय, सर."

"विचार की. दवाखान्याची नोंदवही. पोरांना तोच धडा सगळ्यात जास्त आवडतो."

"रुग्ण लॉगिन करतो, आपलं पान उघडतो. वर पत्त्याच्या ओळीत शेवटी त्याचा नंबर दिसतो. तो नंबर बदलून पुढचा टाकला तर शेजाऱ्याचं पान उघडतं. पान मागणारा कोण आहे, हे कोड विचारतच नाही."

"ठाऊक आहे मला. खाली एक ओळ लिहिली आहे ना. खऱ्या कामात इथे तपासणी हवी, तूर्त सोडून देऊ."

"आणि तूर्त कधी संपतं? मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं."

इफ्तोदेंनी चाकू रुमालाला पुसला. "पोरी, हे नवशिक्याचं पुस्तक आहे. कुलपं बनवायचा कारखाना नाही. पहिल्या आवृत्तीत होती ना या तपासणीची वीस पानं. तू शिकलीस ती. आठवतं किती जण गळाले? अर्धा वर्ग. एक कंस राहिला म्हणून तूसुद्धा रडली होतीस."

"रडले नव्हते. शिव्या दिल्या होत्या."

"मलाच दिल्या होत्यास."

दोरिना तोंडातला घास सांभाळत हसली. स्मारांदाने पहिल्या दोन पुस्तकांवर हात ठेवला.

"यांच्यात तपासणी तिसऱ्याच धड्यात आहे. अचूक आहे. पण तिथवर कुणी पोचत नाही. तुमच्यात सगळे शेवटपर्यंत पोचतात. म्हणून तर मी इतके दिवस घेतले."

"मग अडलंय कुठे?"

तिने पर्समधून कागद काढला नाही की फोन काढला नाही. हात तसेच पुस्तकांवर ठेवून ती बोलली.

"मार्चमध्ये मी रक्त तपासायला दिलं होतं, पुलापलीकडच्या लॅबमध्ये. निकाल वेबसाइटवर मिळेल म्हणाले. पान उघडलं तर वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आत या, पण पाय पुसून या.'"

इफ्तोदेंच्या कपाळावरच्या आठ्या क्षणभर सैल झाल्या. तो विनोद त्यांचा होता, पान एकशे बारावरचा. "गाढवाने तेसुद्धा तसंच ठेवलं?"

"सगळंच तसंच ठेवलं. म्हणून मी नंबर बदलून पाहिला. एकदाच."

"आणि?"

"उघडलं. मी बंद केलं. लगेच लॅबला फोन केला, संध्याकाळपर्यंत त्यांनी वेबसाइट उतरवली. बनवणारा मुलगा तुमच्याच शाळेचा. मला म्हणाला, बाई, सरांच्या पुस्तकात असंच आहे, मग चूक कशी असेल?"

दोरिनाने तोंडातला घास गिळला. "अगंबाई. माझ्या सुनेचे रिपोर्ट तिथेच होते."

"कुणाचं पान उघडलं होतं?" इफ्तोदेंनी विचारलं.

"ते मी कुणाला सांगणार नाही."

दोरिनाने घड्याळ पाहिलं आणि अहवालाचा कागद स्मारांदापुढे ठेवला. वाद मिटवणं हेच तिचं काम होतं आणि ते तिला चांगलं जमत असे.

"हे बघा, मार्ग सोपा आहे. चौथी आवृत्ती छापून तयार आहे. ती जाऊ दे शाळांत. ही तपासणी की काय ती, सर पाचव्या आवृत्तीत घालतील. तीन वर्षांनी पाचवी येतेच आहे. काय सर?"

"हो," इफ्तोदे म्हणाले. "पाचव्या आवृत्तीत..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. 'तीन वर्षांनी' ऐकल्यापासून स्मारांदा टेबलाकडे पाहत होती. तिने मान वर केली असती, नुसतं "हं" म्हटलं असतं, तरी ते बोलत राहिले असते. तिने दोन्हीही केलं नाही. त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, वर्गात तिच्या मागे उभं राहून पडद्यावरची चूक शोधायचे तसं. मग चाकू मिटून खिशात टाकला.

"मार्चमध्ये मीही त्याच लॅबमध्ये जात होतो," ते हळूच म्हणाले. "दर मंगळवारी."

दोरिनाला वाटलं, ते विषय बदलताहेत. "तुम्हाला काय धाड भरलीय, सर? तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवाल."

"मंगळवारी गर्दी असते," स्मारांदा म्हणाली. "माझाही मंगळवारच होता."

"लागोपाठचे नंबर."

"हो."

"किती वाचलंस?"

"वरचं नाव. आणि बंद करेपर्यंत डोळे जिथे पडले, तेवढं."

इफ्तोदे पाठ टेकून बसले. बोलले तेव्हा आवाजात तोच जुना तिखटपणा होता, ज्याला घाबरून लोक वर्गात उशिरा यायचं टाळत.

"म्हणजे ही वीस पानं गेले दोन महिने तुझ्या घशात अडकली होती, ती यामुळे. बरं मग, आता काय करतेस? म्हाताऱ्यावर दया करून सही?"

"तुम्ही अशी सही केली असती?"

"मी परीक्षक नाही."

"मला सांगा ना. केली असती?"

"मी ती वीस पानं परत घालणार नाही, स्मारांदा. या बाईंसमोर सांगतो. भीती दाखवली की माणूस पळतो. तीस वर्षं पाहिलंय मी. ज्याला कुणी कधी शिकवलं नाही, असा माणूस माझ्या पुस्तकाने एक पान उभं करतो आणि बायकोला हाक मारून दाखवतो. ते मी मोडणार नाही. कुणासाठीही नाही. स्वतःसाठीही नाही."

"तुम्ही दोघं कशाबद्दल बोलताय, मला कळेल का?" दोरिना म्हणाली.

"पाचव्या आवृत्तीबद्दल," इफ्तोदे म्हणाले.

"मग घालायचं ना त्यात! वाद कशाला?"

दोरिनाने पेनाचं टोपण काढलं आणि पेन स्मारांदाकडे धरलं. कागदावर दोन चौकोन होते, शिफारस आणि विरोध. आज संध्याकाळपर्यंत कागद गेला नाही तर शाळांना यंदा पुस्तकच मिळणार नव्हतं, हे तिने फोनवर तीनदा सांगितलं होतं आणि आता चौथ्यांदा सांगितलं. सोप्या पुस्तकाच्या आशेने किती मुलं नाव घालतात, तेही सांगितलं.

स्मारांदाने पेन घेतलं. इफ्तोदे तिच्या हाताकडे पाहत नव्हते. ते सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होते, उत्तर तोंडी हवं असल्यासारखे. तिने पेन खाली ठेवलं.

"सर, यंदा शाळा पुस्तकाविना राहिल्या तरी चालतील. त्या वीस पानांशिवाय हे पुस्तक मी कुठल्याही मुलाच्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "माझं मत विरोधात आहे."