फाटकासमोरचे शिलाई मशीन

मी एक जुने, पायाने चालणारे शिलाई मशीन आहे. ओलोंगापो गावात, आरमारी तळाच्या मोठ्या फाटकासमोर, शिंप्यांच्या ओळीत माझी जागा. मित्रांनो, आमच्या सुबिकच्या खाडीवर पाहुणे कधी विचारून आले नाहीत. आधी स्पेनने गोदी बांधली, मग अमेरिकेचे आरमार आले, मधली तीन वर्षे जपानचे, आणि पुन्हा अमेरिकेचे. माझ्या मालकिणीच्या आईने जपान्यांचे सदरे सांधले आणि अमेरिकनांचेही. सदरा कोणाचाही असो, उसवायचा तो उसवतोच.

पुढे मी तिची मुलगी लुमिंग हिच्या हाती आले आणि माझे खरे दिवस सुरू झाले. खलाशांना जाकिटावर आपल्या जहाजाचा भरतकामाचा बिल्ला हवा असे. म्हणून आमच्या ओळीत रीतच होती, जहाज बंदरात लागण्याआधी त्याचे बिल्ले तयार ठेवायचे. तळावर कपडे धुणाऱ्या बायका बातमी आणत. कोणते जहाज कधी येणार, हे खलाशांच्या बायकांआधी आम्हाला कळे. खलाशी टाक्यांवरून बोट फिरवून वाहवा करत आणि मी फुलून जाई. खोटे कशाला सांगू?

एक्क्याण्णव साली आधी ज्वालामुखीची राख पडली. मग राजधानी मनिलातल्या आमच्या सभागृहाने अमेरिकेचा तळ पुढे चालू ठेवण्याचा करार नाकारला.

"लुमिंग, आता ते जाणार. हात आवर," शेजारी जोडे शिवणारा तेबान म्हणाला. ती त्याला कुया म्हणे, म्हणजे थोरला भाऊ.

"काहीतरीच काय, कुया? एवढी वर्षं बसलेला पाहुणा एका 'नाही'नं उठतो होय? डिसेंबरात मोठं जहाज यायचंय."

तिने तीनशे बिल्ले भरले. जहाज आलेच नाही.

"छान. आता एकेक शेळीच्या गळ्यात बांध," तेबान म्हणाला. लुमिंग आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी दुकाने एकामागून एक बंद झाली. लुमिंगने मला विकून मनिलाला बहिणीकडे जायचे ठरवले. गिऱ्हाईक शनिवारी येणार होते. मी फार घाबरले होते.

शुक्रवारी सकाळी तेबान आला. आरमार निघाले होते. मागे राहणारी गोदी नि यंत्रे चोरांच्या हाती पडू नयेत म्हणून गावकरी बिनपगारी पहारा देणार होते.

"दंडावर बांधायला पट्ट्या हव्यात. दुकानं बंद, कापड कोणाकडे उरलेलं नाही."

लुमिंगने तीनशे बिल्ले त्याच्यापुढे ओतले.

"यावर तर त्यांचं जहाज आहे, बाई."

"मग उसवू. तुला हात आहेत ना?"

सगळी ओळ बिल्ले उसवायला आणि तुकडे जोडून पट्ट्या करायला बसली. माझेच टाके होते ते, मित्रांनो. फार दुखले.

"नाव काय भरू?" लुमिंगने विचारले.

"आपल्या गावाचं. दुसरं कोणाचं?"

लुमिंगने नमुन्यांचा खण उघडला. तीस वर्षांत आलेल्या प्रत्येक जहाजाचा कागदी नमुना त्यात होता. ती बराच वेळ शोधत राहिली.

"कुया, आपल्या गावाचा नाहीये रे."

ती ओशाळली. तेबानने या वेळी चेष्टा केली नाही. त्याने जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला. लुमिंगने त्यावर अक्षरे कापली आणि पायडलवर पाय ठेवला.

शनिवारी गिऱ्हाईक आले.

"मशीन कामात आहे," लुमिंग मान वर न करता म्हणाली.

"मग उद्या येऊ?"

"उद्याही कामातच असणार."

नोव्हेंबरात शेवटचे जहाज गेले. लुमिंग दंडावर पट्टी बांधून फाटकाच्या आतल्या बाजूला पहाऱ्याला उभी होती. तीस वर्षे ती त्याच्या बाहेरच बसली होती.

आता माझ्यावर शाळेचे गणवेश शिवले जातात. पट्टा सैल झाला आहे, तेल कोणाला आठवले तर मिळते. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, खणातल्या त्या गावाच्या नावाच्या पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या आहेत. माझे तेल राहू द्या, कोणीतरी आधी तो नमुना नवा कापून ठेवा.