अकरा घरांचा चहा

कळंबच्या अलीकडे काळ्या टेकडीच्या पायथ्याशी अकरा घरं आहेत. सहा बौद्धांची, पाच बंजाऱ्यांची. गावापासून जराशी बाजूला पडलेली ही वस्ती मतदानाच्या आधी सगळ्यांना दिसते आणि नंतर कोणालाच दिसत नाही. त्याची सवय झाली होती. पण टेकडीवर खडीसाठी गिट्टीखदान काढू पाहणाऱ्या कंपनीच्या अहवालातूनही ती गायब व्हावी, हे सत्यशीलाबाईंना जरा जास्तच वाटलं.

तीस वर्षं अंगणवाडी चालवून बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. सरकारी कागद कसा वाचायचा, म्हणजे त्यातली कोणती पानं खुशाल सोडायची, हे त्यांना पक्कं ठाऊक. जनसुनावणीची नोटीस लागली तशा त्या ग्रामपंचायतीत जाऊन अहवालाचा मराठी सारांश वाचत बसल्या. विसाव्या पानावर बोट थबकलं. ‘प्रस्तावित खदानीपासून एक किलोमीटरच्या आत मानवी वस्ती नाही.’

घरी येऊन त्या शेजारच्या बसंतीबाईला म्हणाल्या, “बसंते, आपण नाहीच आहो म्हणते.”

“कोण म्हणते?”

“खदानवाले. टेकडीखाली कोणी राह्यतच नाही म्हणते.”

बसंतीबाईने तव्यावरची भाकर उलटली. “मंग ह्या भाकरी कोण करून राह्यलं? भूत?”

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पण ते हसू फार टिकलं नाही. सत्यशीलाबाईंची बहीण मारेगावकडे एका खदानीजवळ राहायची. तिथे सुरुंग उडाला की झोळीतलं पोर दचकून रडत उठायचं, भिंतींना भेगा पडल्या होत्या, आणि विहिरीचं पाणी एका वर्षात तळाला गेलं होतं. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

“तो घनश्याम तुले फोन करून राह्यला ना?” त्यांनी विचारलं.

घनश्याम म्हणजे कंपनीचा माणूस. पस्तिशीचा, दाढी कोरलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. सुनावणीत कोणी बोंब मारू नये म्हणून तो आठवडाभर वस्तीवाल्यांच्या मागे लागला होता, ना-हरकतीवर सह्या द्या म्हणून.

“दिवसातून चार खेपा,” बसंतीबाई म्हणाली. “पण मी म्हणतो, वस्तीच नाही, तं सह्या कोनाच्या पायजे त्याले?”

“तेच तं. बोलव त्याले चहाले.”

घनश्याम दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटारसायकलवर हजर झाला. सत्यशीलाबाईंनी घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकली, चहा दिला, आणि मोबाइल समोर धरला. “साहेब, एक फोटो होऊ द्या. तुमच्यासारखी मोठी माणसं कवा येते इकडं?”

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला, कप जरा वर धरला. अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी वाढतानाचे फोटो बाईंनी ज्या कॅमेऱ्याने वर्षानुवर्षं वर पाठवले, तोच हा मोबाइलमधला जीपीएसवाला कॅमेरा. फोटोखाली जागा, तारीख, वेळ, सगळं आपोआप छापून येतं.

“आता सह्या,” घनश्याम म्हणाला.

“व्हईन ना जी. पण सह्या घरोघरच्या, तं चहा घरोघरचा. इथली रीतच हाये.”

दुसऱ्या घरी चहा झाला, तिसऱ्या घरी झाला. प्रत्येक ठिकाणी फोटो. पाचव्या घरी बसंतीबाईने चहात साखर अशी घातली की चमचा उभा राहावा. सातव्या घरापाशी घनश्यामने पोटावरून हात फिरवला आणि हात जोडले. घरधनी फुलसिंग दारातच उभा होता.

“सहा घरचा घेतला, अन् माह्याच घरचा नाही? काहून जी? आमी कमी पडलो का?”

“तसं नाही हो दादा…”

“मंग बसा!”

तो बसला. अकराव्या घरचा कप रिकामा झाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याला सह्यांपेक्षा दुसरीच निकड लागली होती.

“सह्या सुनावणीतच करू, सगळ्यायच्या समोर,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “तुमचंही नाव होईन.” तो कसाबसा मान हलवून, गाडीला किक मारून सुसाट निघाला.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या आवारात मांडवाखाली झाली. ती घ्यायला जिल्ह्याहून एक अधिकारी मॅडम आल्या होत्या. घनश्यामने पडद्यावर चित्रं दाखवली, टेकडीभोवती हिरवी झाडं काढलेली, आणि सांगितलं, “सर्वांत जवळचं घर सव्वा किलोमीटरवर आहे.”

सत्यशीलाबाईंची पाळी आली. इतक्या माणसांसमोर त्या पोरांच्या बडबडगीतांपलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. पण आवाज निघाला.

“जयभीम मॅडम. मी सत्यशीला. मी कुठंच राह्यत नाही.”

मॅडमनी कागदातून मान वर केली.

“मंजे मी राह्यतो टेकडीखाली, पण कागदात नाही राह्यत. आता मी खोटी का कागद खोटा, ते या साहेबायलेच विचारा. ते आमच्याकडं येऊन गेले.” आणि त्यांनी कळंबच्या स्टुडिओतून मोठे करून आणलेले अकरा फोटो टेबलावर मांडले. अकरा दारं, अकरा कप आणि एकच घनश्याम. पहिल्या फोटोत हसरा, शेवटच्यात रडवेला.

मॅडमनी फोटोखालचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचले. त्यांच्या सहायकाने ते अहवालातल्या हद्दीच्या आकड्यांशी लावून पाहिले आणि हळूच म्हणाला, “पहिलं घर एकशे साठ मीटर, मॅडम.”

“हा चहा कुठे घेतलात तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“ते… वाटेत, मॅडम.”

“अकरा वाटा होत्या!” मागून फुलसिंग ओरडला. मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला.

घनश्यामने घसा खाकरला. “ती घरं तात्पुरती आहेत.”

बसंतीबाई उठून उभी राहिली. “माह्या सासूची सासू त्याच घरात मेली. तात्पुरती होती बिचारी.”

या वेळी मॅडमनाही ओठ आवळून खाली कागदात बघावं लागलं. मग त्यांनी सगळं इतिवृत्तात लिहून घेतलं आणि दुपारी स्वतः वस्तीवर आल्या. पुढच्या आठवड्यात मोजणीवाले फीत घेऊन आले. फितीचं एक टोक धरायला सत्यशीलाबाई उन्हात पदर खोचून स्वतः चालत गेल्या. घरं मोजली गेली, विहिरी मोजल्या गेल्या, आणि प्रस्ताव नव्याने सर्वेक्षण करा म्हणून परत गेला. घनश्यामची बदली दुसऱ्या साईटवर झाली, असं कानावर आलं.

कंपनी पुन्हा येईल, असं फुलसिंग म्हणतो. सत्यशीलाबाईंनाही तसंच वाटतं. ती काळजी काही गेलेली नाही. पण मोजणीवाल्यांनी प्रत्येक घराच्या भिंतीवर लाल रंगाने एक ते अकरा आकडे टाकून ठेवलेत. बसंतीबाई भिंत सारवते तेव्हा हात जपून फिरवते, आकडा तेवढा सोडून.