नाजूक माल पोटात

मी एक कापड बोलतेय. आधी मी ताडपत्री होते, मग थैली झाले. आता काय आहे ते शेवटी सांगेन. एवढं मात्र सुरुवातीलाच सांगते की मी जन्माची भित्री आहे.

माझी पहिली वर्षं रिठदच्या शिवारात गेली, मारोतरावांच्या सोयाबीनच्या सुडीवर, म्हणजे कापून रचलेल्या पिकाच्या ढिगावर. लोकांना वाटतं, ताडपत्री म्हणजे निवांत पडून राहणारी वस्तू. पण आभाळ काळवंडलं की सगळं घर माझ्याकडे बघायचं. कोपऱ्यांवर ठेवलेले दगड वाऱ्यानं सरकायला लागले की मला वाटायचं, आता मी उडाले आणि यांचं वर्षाचं पीक भिजलं. पुढे मी जीर्ण झाले. मधोमध चिरले आणि गुरांच्या कोठ्यातल्या आडव्या बल्लीवर जाऊन पडले. तिथे भीती फक्त उंदरांची होती.

मारोतरावांच्या घरी सोयाबीन असलं तरी घर चालायचं ते भाजीवर. वांगी, मेथी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. ही सगळी भाजी पंचफुलाबाईच्या हाताखालून रिसोडच्या बाजाराला जाई. पंचफुलाबाई म्हणजे मारोतरावांची बायको. माल भरावा तर तिनेच. टेम्पोवाला म्हणायचा, दोन फेऱ्यांचा माल ही बाई एका फेरीत बसवते. तिची रीत ठरलेली होती. टणक माल तळाशी. मऊ माल फटीफटीत. नाजूक माल पोटात, म्हणजे सगळ्याच्या मधोमध, चारही बाजूंनी ऊब आणि आधार मिळेल असा. आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या एका फटीत, एक जुडी नाहीतर गुंडाळी ठोकून बसवायची. तिला ती पाचर म्हणायची. पाचर बसली की गाडी खड्ड्यात आदळली तरी आतला टमाटा हलत नसे.

या दिवाळीत त्यांचा मुलगा मुकेश पुण्याहून आला तो एक लाल गाडी घेऊन. जुनीच घेतलेली, पण चकचकीत. दोनच सीटा, बुटकी इतकी की मारोतरावांना आत बसताना धोतर सावरत जवळजवळ लोळावं लागलं. छत कापडाचं होतं. बटण दाबलं की ते घडी होऊन मागे डिक्कीत जाऊन बसे. त्यामुळे आधीच लहान असलेली डिक्की निम्मीच उरे. मुकेश आणि त्याची बायको संस्कृती लग्नानंतर कुठे गेलेच नव्हते. आता चार दिवस चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं.

मुकेशनं चाकांची टणक बॅग आणली होती. ती उभी घातली, आडवी घातली, डिक्कीचं झाकण काही लागेना.

पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "बॅग मोठी हाय बावा. असं कर, गाडीच बॅगीत ठेव आन् बॅग ओढत जाय."

मारोतराव ओसरीवरून म्हणाले, "इंजिनाले तरी जागा सोडजो वं. नाही तं ते बी काढून ठेवशीन."

पण तिनं ते मनावर घेतलं. तुरीची काडी घेऊन डिक्कीत वाकली आणि सगळी मापं घेतली. छत कुठवर खाली येतं, चाकाचा फुगवटा कुठे आहे, डावा कोपरा किती तिरका आहे. मग कोठ्यात येऊन मला बल्लीवरून ओढलं.

कात्री पाहिली तेव्हा मी थिजले. कापडाला कात्रीइतकं भय कशाचंच नाही. तिनं माझे चांगले भाग कापून तीन थैल्या शिवल्या, दुहेरी टाके घालून. त्यातली डाव्या कोपऱ्याची तिरकी थैली म्हणजे मी. बाकीच्या दोघींना हातांचे बंद, मला तोंडाला दोरी. शिवून झाल्यावर तिनं मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि समाधानानं म्हणाली, "बैलानं ओढली तरी उसवत नाही आता."

त्या संध्याकाळी मी दोघांच्या खोलीत पलंगावर पडले होते. तिथेच मला ते कळलं, जे घरात तिसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

संस्कृतीला दमा होता. लहानपणापासून. तिच्या पर्सच्या बाजूच्या कप्प्यात एक निळा पंप असे. धुरानं, धुळीनं छाती भरली की तो तोंडात धरून ओढायचा. मुकेशला लग्नाआधीच तिनं सांगितलं होतं. सासूपासून मात्र लपवलं होतं. एकदा पंचफुलाबाईनं तो हातात पाहिला तेव्हा ती गडबडून म्हणाली होती, तोंडाला वास येऊ नये म्हणून फवारा आहे, आई. पंचफुलाबाईला वाटलं, पुण्याची महागडी वस्तू असेल.

मुकेश म्हणत होता, आता मायले सांगून टाकू. संस्कृती हळू आवाजात नको नको म्हणत होती. गल्लीतल्या हेमलाला लग्नानंतर दम्याचा त्रास निघाला आणि सासरच्यांनी तिला इंझोरीला माहेरी पाठवून दिलं, ते ती विसरली नव्हती. बायकांमध्ये तो विषय निघाला होता तेव्हा पंचफुलाबाई सहज बोलून गेली होती.

"त्या काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं," संस्कृती म्हणाली. "किडकं वांगं कोनी पाटीत ठेवते का, असं म्हणाल्या. तिथून आल्यावर सांगू. हे चार दिवस तरी सुखाचे जाऊ दे."

मी ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं की आपल्याला काय करायचंय. आपण थैली. आपलं काम कपडे धरायचं.

निघायच्या दिवशी सकाळी संस्कृती आंघोळीला गेली होती. पंचफुलाबाईनं सगळं सामान ओसरीवर मांडलं. चपला, बूट टणक म्हणून तळाशी. बुटांच्या आत मोजे. कपडे मेथीच्या जुड्यांसारखे गुंडाळून फटीफटीत. मग तिची नजर संस्कृतीच्या पर्सवर गेली. पर्स पायाशी राहणार, मग तिच्यातली जागा वाया कशाला घालवा, असं म्हणून तिनं पर्स उघडली. कुपी, तेलाची बाटली, आणि तो निळा पंप बाहेर काढला. त्या जागी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बसवला. वाटेत भूक लागली तर हाताशी हवा.

पंप तिनं कापसात गुंडाळला. वरून मऊ फडकं बांधलं. आणि स्वतःशीच पुटपुटली, "नाजूक माल पोटात."

माझ्याच पोटात. अगदी मधोमध, साड्यांच्या आणि स्वेटरांच्या घड्यांमध्ये.

तुम्हाला सांगते, सुडीवर असताना वीज जवळ पडली होती, तेव्हाही मी इतकी हादरले नव्हते. मला ठाऊक होतं ते काय आहे. ते कुठे असायला हवं तेही ठाऊक होतं. आणि तोंड असून बोलता येत नव्हतं. तिनं माझी दोरी आवळून गाठ मारली. मला डाव्या कोपऱ्यात दाबलं. माझ्यावर दुसरी थैली, तिच्या बाजूला तिसरी. शेवटी उजवीकडच्या फटीत चादरीची गुंडाळी ठोकली. झाकण अलगद लागलं. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या, त्यांनी तोंडात बोटं घातली. मुकेशनं आईला हात जोडले.

संस्कृती आली. पर्स उचलली. नेहमीसारखी जड लागली, म्हणून तिनं उघडून पाहिली नाही.

मालेगाव गेलं. मेडशीच्या पुढे जंगल लागलं आणि गार वारा सुटला, तशी तिला हौस आली. छत उघडायला तिनंच सांगितलं. छत घडी होऊन खाली आलं आणि आमच्या डोक्यावर बसलं. अंधार आणखी दाट झाला. वरून तिचं हसणं ऐकू येत होतं. मी एकेक किलोमीटर जीव मुठीत धरून होते.

रस्त्याच्या कडेच्या एका शेतात सोयाबीनची मळणी चालली होती. यंत्रातून उडणारं कुटार, म्हणजे भुसा, आणि धूळ सरळ रस्त्यावर येत होती. मुकेशनं काच चढवली, पण वर छत नव्हतं. तो धुळीचा लोट गाडीत शिरला.

आधी खोकला. मग खोकल्यातून येणारी शिट्टी, बारीक, सुकलेल्या शेंगेतून वारा गेल्यासारखी. मग पर्सची चेन. मग लाडवांचा डबा खाली पडल्याचा आवाज.

"मुकेश, पंप नाहीये," ती म्हणाली. तीन शब्दांना तिला दोनदा थांबावं लागलं.

गाडी थांबली. छत वर चढवल्याशिवाय सामानाला हात घालता येत नव्हता. ते सावकाश, डुलत डुलत वर गेलं. मग झाकण उघडलं आणि मला मुकेशचा चेहरा दिसला. तो वरची थैली ओढत होता. ती हलेना. दुसरी ओढली, तीही हलेना. पंचफुलाबाईनं भरलेला माल होता तो. सगळं एकमेकांत मुठीसारखं वळलेलं. त्यानं पाय टेकून जोर लावला, त्याचे हात घामानं निसटत होते, आणि समोरून ती शिट्टी अधिक बारीक होत चालली होती.

त्यानं फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. पंचफुलाबाई शेतात वांगी तोडत होती.

"माय, संस्कृतीच्या पर्समधला निळा फवारा कुठी ठेवला?"

"काहून? येवढ्यातच वास मारून राह्यला का तुह्या तोंडाचा?" ती हसली.

"माय, तिले दमा हाय. ते दवाई हाय तिची. तिले दम घेता येऊन नाही राह्यला."

मी मनात म्हणत होते, बोल बाई, बोल. मग तिचा आवाज आला. तो बाजारात माल उतरवतानाचा आवाज होता, सपाट, घाई नसलेला.

"उजव्या हाताले चादरीची गुंडाळी हाय. ते पाचर हाय. पयले ते ओढ. बाकीच्याले हात लावू नोको."

त्यानं गुंडाळी ओढली. सगळं सैल झालं.

"आता डाव्या कोपऱ्यातली तिरपी थैली. तिच्या मधात. दोरी सोडत बसू नोको, फाड."

मला बाहेर रस्त्यावर टाकलं. मुकेशनं दोन्ही हातांनी मला ताणलं, गाडीची किल्ली टाक्यांत खुपसली, दातांनीही ओढून पाहिलं. दुहेरी शिवण होती ती. बैलानं ओढली तरी न उसवणारी. त्या घटकेला मला माझ्या मजबुतीची लाज वाटली. आयुष्यभर कात्रीला भ्यालेली मी, मनातल्या मनात ओरडत होते की कापा मला, कुणीतरी कापा.

मळणीवरची एक बाई गाडी थांबलेली पाहून धावत आली. तिच्या हातात विळा होता. तिनं काही विचारलं नाही. मला पायाखाली धरलं आणि वरपासून खालपर्यंत एका ओढीत चिरलं.

कापूस उडाला. निळा पंप मुकेशच्या हातात गेला.

एकदा. मग दुसऱ्यांदा. त्या बाईनं संस्कृतीला पुढे वाकवून बसवलं आणि पाठीवर हात ठेवला. फोन रस्त्यावर माझ्या शेजारीच पडला होता, आणि त्यातून पंचफुलाबाई बारीक आवाजात म्हणत होती, "मुकेश. बाप्पा, बोल ना. मुकेश."

बऱ्याच वेळानं संस्कृतीनं हात पुढे करून फोन घेतला. "आई," ती म्हणाली.

"बोलू नोको," पंचफुलाबाई म्हणाली. "दम घे. मी आयकून राह्यली."

आणि ती खरंच ऐकत राहिली. शिट्टी हळूहळू विरली तोवर.

ते पुढे गेले नाहीत. मालेगावच्या एका दवाखान्यात तास दोन तास थांबून परत रिठदला आले. पंचफुलाबाई रस्त्यावर येऊन उभी होती. तिच्या हातांना वांग्याचे काटे लागून रक्त आलं होतं, ते तिनं पुसलंही नव्हतं.

संस्कृती मान खाली घालून उभी राहिली. आता काय ऐकायला मिळतं, या भीतीनं तिनं मला, माझ्या फाटक्या चिंध्यांना, छातीशी धरलं होतं. पंचफुलाबाईनं विचारलं, लपवलं काहून? संस्कृतीनं हेमलाचं नाव घेतलं, आणि किडक्या वांग्याचं ते वाक्य सांगितलं.

पंचफुलाबाई ओसरीच्या पायरीवर बसली.

"बोलली होती मी," ती म्हणाली. "माह्यंच तोंड ते." मग म्हणाली, "मले सांगतलं असतं पोरी, तं मी तो तुह्या गळ्यात बांधला असता. ह्या हातानं तुहा जीव तळाशी दडपला मी."

मारोतरावांनी थट्टा केली नाही. ते पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई पुन्हा कात्री घेऊन बसली. माझा चिरलेला भाग तिनं टाकून दिला आणि उरलेल्या तुकड्याचा मुठीएवढा बटवा शिवला. तोच मी आहे आता. निळा पंप आहे माझ्यात, बाकी काही नाही. पंधरा दिवसांनी ते दोघं चिखलदऱ्याला गेले. छत बंद, काचा बंद, सामान निम्मं. निघताना साऱ्या गल्लीदेखत पंचफुलाबाईनं मोठ्यानं विचारलं, "दम्याची दवाई घेतली का वं?" शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. संस्कृतीनं मान हलवून हो म्हटलं.

माझी भीती गेली असं म्हणणार नाही. ती कशी जाईल? चढ लागला, कुठे चूल पेटली, कुणी अंगण झाडायला घेतलं की संस्कृतीच्या कमरेला बांधलेली मी कान लावून तिचा श्वास ऐकत राहते. तुम्हाला एवढीच विनंती, सामान भरायला बसाल तेव्हा तुमचा हात कितीही हुशार असो, घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा, तुझ्या कशाला हात लावू नको? आणि त्यानं खरं सांगावं, असं तुमचं तोंड ठेवा.

मला तोंडाला दोन बंद आहेत. पंचफुलाबाईनं बजावून ठेवलंय, त्यांना गाठ मारायची नाही. संस्कृतीचा हात आला की मी उघडते.