एक चाल कमी

…निळा खडा अंगठ्याखाली थरथरला, शेजारच्या दोन निळ्यांकडे झुकला आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला. आबांचा अंगठा जाड, उसाच्या पाचटानं चिरा पडलेला. मोबाइलच्या काचेवर तो नेमका टेकत नाही, आणि खडा सरकला नाही की आबांना वाटतं, आपलंच चुकलं. शेजारच्या खुर्चीवरून इंद्रजित बघत होता. या खेळातला तो खडा त्यानंच रेखाटलेला – पोटातून जाणारी पांढरी रेघ किंचित तिरकी, म्हणजे डोळ्याला तो ओला वाटतो – आणि तो सरकल्यावर वरून कुठला रंग पडेल, तेही त्यानंच लिहिलेलं.

आत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललं होतं. सकाळी कळंबहून बारामतीला येताना आई गाडीत गप्प होती आणि आबा अखंड बोलत होते. मग तिला आत नेलं, दार बंद झालं, आणि आबांनी खिशातून मोबाइल काढला. भीती वाटली की आबा खेळतात, हे इंद्रजितला आज कळलं. पुण्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीत तो असल्या लाखो खेळणाऱ्यांचे आलेख बघायचा. त्यातला एकही माणूस असा बंद दाराकडे बघत बसलेला त्याला कधी दिसला नव्हता.

"आखाडापासनं हितंच अडकलोय बघ," आबा म्हणाले. "दर डावाला एकच चाल कमी पडती. आता व्हईल म्हणून पुन्हा बसतो, पुन्हा तेच. डोकंच चालंना आता माझं."

"तसं नसतं, आबा."

"तसंच हाय. तुझी आई म्हणती, लेकानं एवढं शिकून केलंय, तुमाला कुठलं कळतंय त्यातलं." ते हसले, आणि त्या हसण्यात लेकाचं कौतुकच होतं.

एक चाल कमी… ही कल्पना इंद्रजितचीच. फार हरलेला माणूस उठून जातो, सहज जिंकलेलाही जातो. थोडक्यात हुकलेला मात्र बसून राहतो. मग खडे नशिबावर का सोडायचे? जिंकत आलेल्याला हवा तो रंग जरासा उशिरा द्यायचा. त्यानं हे फळ्यावर मांडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्याला आनंद झाला होता – खरंच झाला होता, आता नाकारून काय उपयोग…

सकाळी गाडी त्याच्या जुन्या कॉलेजवरून आली तेव्हा त्यानं मान वळवली नव्हती. तिथं गणिताच्या बागल सरांनी एकदा बुद्धिबळाचा पट काढून तिरप्या समोरचे दोन कोपरे खोडले होते आणि विचारलं होतं, उरलेला पट दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी झाकून दाखवा. पोरं तासभर झटली. मग सर म्हणाले, प्रत्येक पट्टी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते, आणि मी दोन्ही कोपरे पांढरे खोडलेत. बस. हजार वर्षं बसलात तरी होणार नाही! त्या दिवशी इंद्रजित खोलीवर परतला तो जमिनीवरच्या फरश्या मोजत, अंगात ताप भरल्यासारखा. पुढे संशोधन करायचं हे ठरलेलंच होतं. वर्षभर नोकरी करतो, मग येतो, असं तो सरांना म्हणाला. दुसऱ्या वर्षीही म्हणाला. नंतर सरांनी विचारणं सोडलं. मधे एकदा त्यानं स्वतःसाठी एक खेळ रचला होता – फरश्या जुळत जातील तसं पळसदेवला धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो, एवढाच. कंपनीत म्हणाले, सुंदर आहे, पण यात माणूस अडकतो कुठं?

"इंद्रा," आबांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "खरं सांग. हे सुटतं का?"

"काय?"

"ही पायरी. सुटती तरी का? का उगीच बसलोय मी?"

किती मजेत सरांनी हाच प्रश्न विचारला असता! किती लोक कुठं कंटाळतात, हे त्याला दशांशापर्यंत ठाऊक होतं. मात्र हवा तो रंग असा लांबत गेला तर मांडणी मुळात सुटण्याजोगी उरते का, हे कुणी तपासलं नव्हतं. त्यानंही नाही.

"सुटतं," तो म्हणाला.

आबांनी मान डोलावली आणि मोबाइल पुन्हा उचलला. इंद्रजित पाण्याच्या निमित्तानं उठला, जिन्यात बसून त्यानं पिशवीतला लॅपटॉप उघडला आणि आबांचं खातं चाचणीच्या खात्यांत टाकलं. तिथं हवा तो रंग हवा तेव्हा पडतो. परत येऊन बसला तर आबा ओठ मुडपून खेळत होते, आणि थोड्याच वेळात मोबाइलवर फुलं उधळली. आबा उभेच राहिले. त्याच वेळी नर्सनं दार उघडलं, "सारजाबाईंचे कोण आहेत? झालं, या आत."

आई डोळ्यावर पट्टी लावून पडली होती. आबांनी कॉटपाशी जाऊन सांगितलं, "सुटलं!"

"काय, माझा डोळा का तुमचा ख्योळ?"

"दोन्ही गं, दोन्ही. लेक म्हणला सुटतं, म्हणून नेट धरला म्या. न्हायतर सोडूनच देणार हुतो."

आई हसली. पट्टीमुळे तिला दाराच्या बाजूचं दिसेना. "इंदर कुठाय?"

"इथंच आहे, आई," तो दारातून म्हणाला, पण पुढं झाला नाही. आबांच्या तोंडावर जे आलं होतं ते त्यानं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि ते आपण दिलं की त्यांच्याकडून काढून घेतलं, हे त्याला ठरवता येईना. सांगावं का? काय सांगायचं – तुम्ही जिंकला नाहीत, की याआधी हरलाही नव्हता? आबा उशापाशी बसून पुढची पायरी उघडत होते. आणि भिंतीला टेकून उभ्या इंद्रजितच्या डोक्यात मघाची मांडणी, ती मुळात सुटते का हे तपासायला, आपोआप उभी राहू लागली: वरून येणारा रंग लांबवतच गेलं तर… खालच्या ओळीत निदान… नाही, आधी छोटा पट घ्यावा, चार घरांचा… कितीतरी वर्षांनी काहीतरी खरं शोधून काढावंसं वाटत होतं, आणि पहिल्याच पावलाला जी युक्ती एकेकाळी हाताशी असायची ती आता आठवत नव्हती. तो आठवत राहिला. आईनं पुन्हा हाक मारली.