पाचावर थांबलेला लाल काटा

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, आणि लपवत नाही, चांगलीच जळकी आहे. लोखंडी सळई दोन्ही टोकांना घट्ट धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची, हे माझं काम. सळईने किती टन ताण सोसला ते माझ्या तबकडीवर दिसतं. तिथे दोन काटे आहेत. काळा काटा ताणाबरोबर चढतो आणि सळई तुटली की झटकन खाली येतो. लाल काटा त्याच्यासोबत वर जातो आणि तिथेच थांबतो. पुढची सळई लावण्याआधी त्याला हाताने शून्यावर आणावं लागतं.

तीस वर्षं मी या प्रयोगशाळेत मिरवले. इथले जुने तंत्रज्ञ काका माझ्या नुसत्या कुरकुरीवरून सांगायचे, "आता तुटणार बघा!" साहेब पाहुण्यांना आधी माझ्यापाशी आणायचे.

मग ती नवी पांढरी मशीन आली. गुळगुळीत अंग, समोर पडदा, शून्यसुद्धा आपलं आपण लावणारी! पाठोपाठ एक शिकाऊ मुलगी आली, ती दिवसभर तिलाच चिकटलेली. तिला मऊ फडक्याने पुसायची आणि माझ्या पाटावर स्वतःचा डबा ठेवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात साहेब म्हणाले, "महिनाअखेरीला हे धूड भंगारात द्या."

एके दिवशी बागेतल्या झोपाळ्यांच्या सळया आल्या. त्यांनी निदान साडेचार टन सोसायला हवे होते. पांढरीवर पहिली सळई साडेतीनलाच तुटली.

काका म्हणाले, "छे! तिचंच काहीतरी बिघडलंय. पोरी, म्हातारीवर ओढून बघ."

म्हातारी म्हणजे मी! मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मुलीने दुसरी सळई लावली, चाक फिरवलं. पण सकाळी काकांनी तोडलेल्या सळईपासून लाल काटा पाचावरच होता, तो तिने मागे घेतलाच नाही. पांढरीने तिला ती सवयच लावली नव्हती. सळई तुटली. काळा काटा साडेतीनवरूनच परतला. तिने लाल काटा पाहिला आणि वहीत पाच लिहिले.

"बघा, म्हातारीच खरी!" काका म्हणाले. साहेबांनी माझ्या खांबावर थाप मारली. "राहू दे हिला. त्या नवीलाच दुरुस्तीला पाठवा."

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी मी त्या दिवशी ते उघडलं नसतं. झोपाळ्यावर कोण बसणार, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. पांढरीचा पडदा विझवला तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू!

सळया पक्क्या असल्याचा दाखला टाइप करताना मुलगी थबकली. वहीत वरच्या ओळीत, काकांच्या सकाळच्या सळईपुढेही, पाचच होते. ती धावत माझ्यापाशी आली आणि लाल काटा पाहून तिला आठवलं, तो आपण शून्यावर आणलाच नव्हता. नोकरी पक्की व्हायला आठच दिवस उरले होते. तरी ती सरळ साहेबांकडे गेली. "साहेब, माझी चूक झाली. काटा मागे घ्यायचा राहिला. पाच हा आकडा खोटा आहे."

"मग आत्ता माझ्यासमोर पुन्हा ओढ," साहेब म्हणाले.

तिने काटा शून्यावर आणला, तिसरी सळई लावली. तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. सळई साडेतीनलाच तुटली. सगळ्या सळया परत गेल्या. "बोललीस हे बरं केलंस," एवढंच साहेब म्हणाले. मुलगी राहिली. माझं जाणं मात्र ठरलं.

उद्या गाडी येणार आहे. आज ती मऊ फडकं घेऊन आली, पांढरीचंच. तिने माझी तबकडी पुसली आणि डबा उचलला. मग लाल काटा हळूच शून्यावर आणून ठेवला. आता माझ्यावर कुठलीही सळई लागणार नाही, हे तिलाही माहीत होतं.

मित्रांनो, तुमच्या हाताखाली कुठलीही मशीन येवो, नवी किंवा जुनी, तिला आधी शून्यावर आणा. आणि माझ्यासारखी एखादी जळकी असली, तर तिला एकदा मायेने पुसाही. मला ते फडकं फार उशिरा मिळालं.