डोलकाठीवरचा आवाज

मार्टिनिकहून आणलेली ती शिडाची होडी विंडवर्ड गावातल्या आमच्या धक्क्यासमोर नांगरून होती. तिचा आधीचा एक खलाशी डोलकाठीवरून पडून मेला होता, हे अख्ख्या कॅरियाकू बेटाला माहीत होतं. टोकाची कप्पी फुटली म्हणून नव्या मालकाने गार्नेटमामाला आणि मला बोलावलं.

डोलकाठीवर चढायचं काम माझं, दोर मामाचा. एका दोरावर मी बसायच्या फळीसकट वर जाते; दुसरा माझ्या कमरेच्या पट्ट्याला. एक तुटला तर दुसरा धरतो. हत्यारंही सुतळीने बांधलेली. आणि वर गेल्यावर बोलायचं नाही, कारण वारा शब्द पळवतो. दोर दोनदा ओढला की खाली घ्यायचं.

"वजन वाढलंय तुझं," दोर ओढणारा रहाट फिरवताना मामा म्हणाला.

"तुझं वय वाढलंय," मी म्हटलं.

त्या दुपारी वारा अगदीच पडला होता. वर पोचून मी फुटकी कप्पी काढली, नवी बसवली. ती जागेवर धरणारी खीळ घालणार, तोच कानाशी मामाचा आवाज आला.

"लिऑरा, दुसरा दोर अडकलाय. पट्ट्यातून सोडव."

हात आपोआप पट्ट्याच्या कड्यावर गेला. मग मी खाली पाहिलं. मामा दोर धरून वर बघत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"सोडव ना, पोरी," आवाज म्हणाला.

मी दोर दोनदा ओढला.

खाली आले तेव्हा मामाच्या ओठांवर रंग नव्हता. "तू मला हाक का मारलीस?" त्याने विचारलं.

"मी? मी एक अक्षरही बोलले नाही."

"म्हणालीस, मामा, मी काठीला घट्ट धरलंय, आता दोर सोड. तुझाच आवाज. दोनदा." त्याने तळवे माझ्यापुढे धरले. दोर आवळून आवळून ते सोलवटले होते. "पण खूण आली नव्हती. म्हणून सोडला नाही."

खीळ राहिली होती. तशीच सोडली असती, तर पहिल्या वाऱ्यात कप्पी कुणाच्या तरी डोक्यात पडली असती.

"जाऊन येते," मी म्हटलं.

मामाने दुसऱ्या दोराचं टोक या खेपेला स्वतःच्या कमरेला बांधलं. "आता मला सोडायचं म्हटलं तरी सुटणार नाही," तो म्हणाला.

वर आवाज माझी वाटच बघत होता. या वेळी तो मामाचा नव्हता. कुणा तरुण माणसाचा होता, थकलेला. मी खीळ ठोकत राहिले, तो कानाशी हळू रडत राहिला. शेवटी म्हणाला, "मग मला तरी खाली ने."

मी खीळ पक्की झाल्याची खात्री केली आणि दोर दोनदा ओढला.

उतरताना फळी करकरत होती. मामा इंच इंच दोर सोडत होता, त्याचे दंड थरथरत होते. पाय टेकल्यावर मी पट्टा सोडू लागले, तर त्याने माझा हात धरला.

"थांब जरा."

"का?"

"येताना तू दोघांइतकी जड होतीस." तो माझ्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग टोपी काढून तो बाजूला सरकला, एक माणूस जाईल एवढी वाट सोडून.