सिंगापूरचा टर्बो

"अनुपमा, सिंगापूर! धावत ये!"

खालच्या मजल्यावरून पद्मजाताईंनी हाक मारली तेव्हा अनुपमाच्या हाताला कणीक लागलेली होती. ती तशीच जिन्यावरून खाली धावली. मुलुंडच्या त्या अख्ख्या इमारतीत फोन एकच, पद्मजाताईंच्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेला. त्यावर जरीच्या काठाचा रुमाल असायचा, तो आज घाईत खाली पडला होता.

"ऐक, वेळ नाहीये," पलीकडून अनंत ओरडला. अनुपमाचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता आणि वर्षातले बरेच महिने समुद्रावरच असायचा. "आपल्या गाडीला बसतील असे दोन टर्बो किट मिळालेत. किंमत सारखीच, पण कस्टमचं लफडं आहे, आणता एकच येईल. एकात टर्बो मोठा आहे, ताकद दांडगी. त्याच्याबरोबर जादा पेट्रोल सोडणारा एक साधा इंजेक्टर. दुसऱ्यात टर्बो लहान, पण सोबत कॉम्प्युटरचा डबा. इंजिनाचं सगळं तोच सांभाळतो. कुठलं घेऊ?"

"आत्ता सांगू?"

"उद्या याच वेळेला फोन करतो. परवा जहाज निघतंय."

फोन बंद झाला. रिसीव्हरला कणीक लागली होती, ती पुसत अनुपमा तिथेच उभी राहिली.

"काय गं, सगळं ठीक आहे ना?" पद्मजाताईंनी विचारलं.

"ठीक आहे हो. गाडीचं काहीतरी."

"गाडीचं," पद्मजाताई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल परत फोनवर घातला.

गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीलगत बसलेली जपानी स्पोर्ट्स गाडी. अनंतनेच ती बाहेरून आणली होती. कागदावर ती त्याची होती, पण चालवायची अनुपमा. भांडुपच्या कारखान्यात ती मोजमापाच्या यंत्रांची चाचणी घ्यायची. दिवसभर काट्यांकडे आणि आकड्यांकडे बघून डोळे शिणले की संध्याकाळी गाडी काढून पवईकडे सुटायची. स्वस्थ बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. "हिच्या पायाला भिंगरी होतीच, आता चाकंही मिळाली," असं तिच्या सासूबाई रत्नप्रभा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असायचं.

गेल्या हिवाळ्यात जुहूच्या धावपट्टीवर एका मोटर क्लबने शर्यत ठेवली होती. अनुपमाने गाडी अशी पळवली की खुल्या गटात असती तर पहिल्या दहांत आली असती. पण तिला महिलांच्या गटात घातलं होतं. त्या गटात इनमिन तिघीजणी. पहिलं बक्षीस म्हणून तिला प्रेशर कुकर मिळाला. तो हातात धरून ती चिटणिसाकडे गेली. "मला खुल्या गटात का नाही घेत?" चिटणीस हसून म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी कंपनीतून आली तशीच आहे. त्या गटातले लोक इंजिनावर किती काम करून घेतात, बघा तरी!" तेव्हापासून तिच्या डोक्यात टर्बो घुसला होता. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्री फिरते आणि ती इंजिनात जादा हवा कोंबते. हवा जास्त, पेट्रोल जास्त, की ताकदही जास्त.

पोळ्या तशाच टाकून ती घाटकोपरला गेली. चंद्रप्रकाश राणे हा अनंतचा शाळेतला मित्र. वडील गिरणीत होते. संपात गिरणी सुटली तेव्हा बापलेकांनी मिळून लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला गॅरेज टाकलं. वडील गेल्यावर आता एकटा चंद्रप्रकाशच ते चालवायचा. सगळं ऐकून त्याने हात पुसले आणि टाळी वाजवली.

"मोठो! वहिनी, हेच्यात विचार कसलो करतास?" खूश झाला की त्याच्या तोंडी मालवणी यायची. "झकास पळतली गाडी. जुहूवाल्यांची वाट लागली समजा."

"आणि डब्याचं काय?"

"कसलो डबो? जादा हवा, जादा पेट्रोल, संपलं. कॉम्प्युटर बिघडला तर तो काय मी खोलणार?"

"पण भावजी, ठिणगी कधी पडायची ते कोण ठरवणार? हवा कोंबल्यावर ती थोडी उशिरा पडायला हवी. आणि आपल्याकडचं पेट्रोल हे असं हलकं."

"तुम्ही ना, मीटरवाल्या. अहो, तुमका गाडी पळवूची आसा की जपूची आसा?"

तो प्रश्न तिला झोंबला. परत येताना ती घरी वळलीच नाही. विक्रोळीवरून पवईच्या रस्त्याला लागली आणि तळ्यापलीकडच्या चढावर टॉप गिअरमध्येच तिने पाय दाबला. काचा खाली केल्या, श्वास रोखून ऐकलं. इंजिनातून टिकटिक आली, पत्र्यावर खडे पडावेत तशी. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच पेट्रोल आपोआप पेट घेत होतं. कंपनीतून आली तशी असतानाच इंजिन ठोकत होतं, मग वरून हवा कोंबल्यावर काय होईल? तिला मोठाच हवा होता, हे तिला कळत होतं. त्या ताकदीची तहान तिलाही होती. म्हणूनच तिने तोच चढ पुन्हा चढून पाहिला. टिकटिक पुन्हा आली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच ती पद्मजाताईंच्या घरात येऊन बसली होती.

"लहान," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवालं."

"नक्की? अगं, मोठ्याची ताकद बघ ना. पुन्हा अशी संधी..."

"नक्की, अनंत. लहान. डब्यासकट."

"बरं," अनंत म्हणाला. लाइन खरखरली आणि तुटली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले, गाडीच्या चाकांमधली धूळ ब्रशने काढली, कारखान्यात दुसऱ्यांची कामं मागून घेतली. अनंत आला तेव्हा सासूबाईंनी ओवाळायला ताट आणलं, पण अनुपमा आधी खोक्याकडे वळली. सुरीने पट्ट्या कापल्या, भुसा बाजूला सारला. आत नारळाएवढा एक लोखंडी गोळा होता, नळ्या होत्या, एक इंजेक्टर होता. तिने भुशात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. डबा नव्हता.

"अनंत, हा मोठा आहे."

अनंतने ओवाळून घेतलं, मग मान खाजवत म्हणाला, "मला वाटलं, तू घाबरून लहान म्हणालीस. नंतर हळहळली असतीस. दुकानदारही म्हणाला, मिस्टर, न्याल तर हाच न्या."

"दुकानदाराला आपल्याकडचं पेट्रोल माहीत आहे?"

"मी इंजिनांतच जन्म घालवतोय गं. जहाजावर याच्यापेक्षा केवढे तरी मोठे टर्बो..."

"मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "मी चढावर जाऊन इंजिन ऐकून आले होते. तू मला विचारलंस आणि मी तुला सांगितलं होतं."

सासूबाई निरांजन हातात घेऊन दोघांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवून भांडा."

अनुपमा जेवताना खोक्याकडे पाठ करून बसली. पण खोकं परत बांधून माळ्यावर टाकावं असंही तिला वाटेना. राग खरा होता आणि हात शिवशिवत होते तेही खरं होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "बसवायचाच तर तू आणि भावजी हवेचा दाब अगदी कमी ठेवा."

घाटकोपरला दोघं मित्र गाडीखाली शिरले. पुन्हा शाळेत गेल्यासारखे एकमेकांना शिव्या देत त्यांनी टर्बो बसवला. अनुपमा रोज कारखान्यातून थेट तिथे जायची. नळ्यांचे जोड तपासायची आणि तेलाची लाइन पुन्हा पुन्हा बघायची. दाबाचा काटा तिने स्वतः डॅशबोर्डवर लावला.

रविवारी सकाळी पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असताना ते निघाले. "पहिल्यांदा मीच घेतो," अनंत म्हणाला, आणि अनुपमाने किल्ली त्याला दिली. ती शेजारी बसली, चंद्रप्रकाश मागे गुडघे हनुवटीशी घेऊन. अनंतने पाय दाबला. काहीच झालं नाही. गाडी आपली नेहमीसारखी चालली. मागून चंद्रप्रकाश म्हणाला, "हात्तिच्या," आणि तेवढ्यात पुढून शीळ आल्यासारखा आवाज झाला. कोणीतरी पाठीत लाथ घालावी तशी गाडी उसळली. अनुपमाची मान मागे आपटली. कांजूरची झाडं एका रंगाच्या पट्ट्यासारखी झाली. अनंत मोठ्याने हसला. तिलाही हसू आलं, पोटातून, अगदी आवरेना असं.

आणि त्या हसण्याखालून तिला टिकटिक ऐकू आली.

"सोड," ती म्हणाली. "अनंत, पाय काढ!"

"अगं, थांब जरा."

"इंजिन ठोकतंय! पाय काढ!"

तो एक क्षण थांबला. फक्त एक क्षण, ताकदीच्या मोहाने. मग आतून फट्कन आवाज आला, गाडीने आचका दिला आणि मागच्या काचेत निळ्या धुराचा लोट दिसला. अनंतने गाडी कशीबशी कडेला घेतली. चंद्रप्रकाशने बॉनेट उघडलं, तेलाच्या पट्टीच्या भोकातून धूर येत होता. त्याने मान हलवली. "पिस्टन गेलो."

अनंत रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. मोठमोठ्या जहाजांची इंजिनं सांभाळणारा तो माणूस हाताची नखं बघत होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "फक्त आत्ताची नाही. तिकडे दुकानात केली तीही."

अनुपमाला पुष्कळ बोलायचं होतं. पण तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. "ते मग बोलू," ती म्हणाली. "गाडी ओढायला टेम्पो बघ."

त्या इंजिनाचे पिस्टन मुंबईत कुठेच मिळेनात. जुहूची शर्यत आली आणि गेली. त्या दिवशी अनुपमाने घरातले सगळे पडदे काढून धुतले, वाळले न वाळले तोच परत लावले आणि दुपारी पुन्हा एकदा जळमटं काढायला घेतली. सासूबाई लेकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिचं काहीतरी कर. आता ही भिंती फोडायला घेईल."

संध्याकाळी अनंत म्हणाला, "पुढच्या खेपेला मी आणतो. पिस्टन, आणि तू सांगशील तो टर्बो. शप्पथ."

"तू नको आणूस," अनुपमा म्हणाली. "मी येते."

"कुठे?"

"सिंगापूरला. अधिकाऱ्यांच्या बायका येतात ना बोटीवर? मी लग्नापासून खालच्या मजल्यावर फोन ऐकायला धावतेय, अनंत. यावेळी दुकानात मी स्वतः उभी राहणार."

त्याने वाद घातला नाही. सुट्टीसाठी ती साहेबांशी भांडली, पासपोर्टसाठी खेटे घातले. सासूबाईंनी लाडवांचा डबा भरून दिला. बोट लागल्यामुळे पहिले काही दिवस ती पडूनच होती. मग ती उठली आणि डेकवर फेऱ्या मारायला लागली, इतक्या की खलाशी हसून तिला वाट करून द्यायचे. अनंतने एकदा तिला खाली इंजिनरूममध्ये नेलं. तिथला टर्बो कपाटाएवढा होता. त्या गदारोळात तो तिच्या कानाशी ओरडून सांगायचा, कुठला काटा काय दाखवतो, आणि ती ओरडून विचारायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचं काम ती पहिल्यांदाच बघत होती. मोठ्या गोळ्याच्या मोहात तो का पडला, हे तिला तिथे थोडंफार कळलं.

सिंगापूरच्या दुकानात दुकानदाराने अनंतला ओळखलं. "मिस्टर! मोठा कसा चालला?"

"फार छान," अनंत म्हणाला. "इंजिन फुटलं. आता हिच्याशी बोला."

दुकानदार अनुपमाकडे वळला आणि लहान मुलीकडे बघून हसावं तसा हसला. तिने त्याला बसायला सांगितलं. या डब्यातून पेट्रोल किती बदलता येतं, ठिणगी किती मागे घेता येते, कुठला स्क्रू कशासाठी, पेट्रोल हलकं असेल तर दाब कुठे ठेवायचा, हे सगळं एकामागून एक विचारलं. अर्ध्या तासाने दुकानदाराचं हसू गेलं होतं आणि तो आतल्या खोलीतून स्वतःच्या कारागिराला बोलावत होता. त्या कारागिरानेच सुचवलं की पिस्टन बदलायचेच आहेत तर थोडे कमी उंचीचे घ्या, म्हणजे दाब सोसतील. ते अनुपमाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने त्याचे आभार मानले आणि लहान टर्बो, डबा आणि तेच पिस्टन घेतले. अनंत बाजूला पिशवी धरून उभा होता.

परत आल्यावर अनंतची सुट्टी संपेपर्यंत तिघं गाडीवर राबले. मग तो गेला आणि डब्याचं काम अनुपमाकडे राहिलं. गाडी उचल खाताना इंजिन ठोकलं की ठिणगी थोडी मागे, धूर काळा आला की पेट्रोल थोडं कमी. पवईच्या चढावर ती गाडी वर नेई, खाली आणी, स्क्रू केसभर फिरवी, पुन्हा वर नेई. शेजारी बसून चंद्रप्रकाश कंटाळायचा. "वहिनी, बरी तर पळता. आता पुरे यार."

"अजून एकदा," ती म्हणायची.

पुढच्या हिवाळ्यात ती जुहूला अर्ज भरायला गेली. चिटणिसाने बॉनेट उघडायला लावलं, वाकून बराच वेळ पाहिलं आणि तिचं नाव खुल्या गटात लिहिलं.

ती चौथी आली. मोठी लाथ नव्हती, पण पाय दाबला की गाडी निघत होती आणि शेवटपर्यंत टिकटिक आली नाही. चंद्रप्रकाश नाचायचा बाकी होता. पद्मजाताई सासूबाईंना घेऊन टॅक्सीने आल्या होत्या, त्या दोघी लांबून हात हलवत होत्या. पण अनुपमाने हेल्मेट काढलं, घामाने चिकटलेले केस मागे सारले आणि कोणाकडेही न जाता सरळ चालत गेली ती तिसऱ्या आलेल्या माणसाकडे. तो गाडीला टेकून सिगरेट पेटवत होता.

"बॉनेट उघडता का जरा?" ती म्हणाली.